सातवं कॉलेज

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे शेवटचे चार सेकंद उरले होते. आम्ही तीन गुणांनी पुढे होतो, पण समोरच्यांना आमच्या रेषेपलीकडे चेंडू न्यायला फक्त एक यार्ड हवं होतं.

"लायल, हे आत घुसले तर सोमवारी सामान बांधायला घे," मुख्य कोच टॉलेफसन दातओठ खात म्हणाला.

"मागच्या बदलीची खोकी बायकोने अजून टाकलेलीच नाहीत," बचावाचा कोच लायल हॅव्हरकँप म्हणाला. आमचं कॉलेज हे त्याचं पंधरा वर्षांतलं सातवं. समोर उभं होतं ते सहावं. तिथला बचाव गेल्या डिसेंबरपर्यंत त्यानेच घडवला होता.

कुणी कुठे उभं राहून अडवायचं, हे सांगणाऱ्या त्याच्या खुणेची आमची अकरा पोरं मैदानातून वाट बघत होती. लायलने टोपी दोनदा चोळली आणि कोपरावर थाप मारली. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"कोच, हे काय आता नवीन?" त्यांतला एक ओरडला.

लायल पांढराफटक पडला. घाईघाईत हातांनी गेल्या वर्षीची, जुन्या कॉलेजातली खूण करून टाकली होती, आणि खेळ थांबवायची आमची मुभा केव्हाच संपली होती.



समोरच्या बाकावर बसलेली त्यांच्या बचावाची अकरा पोरं मात्र ती खूण दिसताच ताडकन उठून मैदानात धावली आणि स्वतःच्याच संघाला अडवायला रांगेत उभी राहिली. पंचाने शिट्टी फुंकून त्यांच्या संघाला पंधरा यार्ड मागे ढकललं, तरी त्यांचा धिप्पाड कप्तान लायलकडे बघून विचारतच होता, "कोच, अजून थोडा डावीकडे सरकू का?"