काठीला मोजा

काठीच्या टोकावर चढवलेला लोकरी मोजा. दाराच्या बिजागरीवर घासलेली मेणबत्ती. बरणीच्या झाकणाला गुंडाळलेला रबरबँड.

दुपारी आजीचा डोळा लागला की आजोबा या तिघांच्या भरवशावर बिस्किटं चोरायला निघत. जरा खुट्ट झालं तर बरणीला कुलूप, अशी आजीची तंबी होती.

"तुझ्या आजीला अजून पत्ता नाही," ते नातीला ऐटीत सांगत. "फक्त बरणीची जागा बदलत बसते बाई. आधी इथे स्टुलावर होती, मग स्वयंपाकघरात नेली. आता पार मागच्या गॅलरीत."

आज ते निघाले, तेव्हा नात आजीच्या कानाशी वाकली.

"आजी, तू जागीच आहेस की. आणि तो मोजा तुझाच आहे ना? दुसरा कुठाय?"

"काठीला एकच पाय असतो," भिंतीकडे तोंड करून पडलेली आजी पुटपुटली. "गप बस आणि गॅलरीपर्यंत पोचले का, तेवढं बघून ये."




पायाच्या ऑपरेशननंतर दोन महिने आजोबा पलंगावरून खाली उतरायलाच तयार नव्हते.