सहावं आणि सातवं नाव

मास्तर यादी वाचत पाचव्या नावापर्यंत आले, तशी शिवणबाईंनी उठून दार लोटून घेतलं. वारा येतोय, म्हणाल्या. बाहेर पान हलत नव्हतं.

चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी होती, तिच्यावर लढाईत पडलेल्या तेवीस जणांची नावं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर त्या नावांच्या मागे हात धुऊन लागले होते. कोण कुठल्या घरचा, काय काम करायचा, कुठे पडला, हे सगळं जमवून त्यांना एक छोटं पुस्तक काढायचं होतं. सहावं नाव शिवणबाईंच्या वडिलांचं होतं. मास्तर आज ना उद्या आपल्या घरी येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि वर्षभर फाटक वाजलं की त्या आधी खिडकीतून कोण आहे ते बघायच्या.

मास्तरांनी चष्मा पुसला. सैन्याच्या दप्तरातून नकला आल्या होत्या. अर्धवट शिवलेला झगा बाजूला सारून त्यांनी त्या टेबलावर मांडल्या. एकवीस जण एकाच पहाटे पडले होते. उरलेल्या दोघांची नोंद तीन दिवस आधीची होती. रात्रीपासून तुकडीत हजर नाहीत, एवढंच लिहिलेलं.

शिवणबाईंना अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांचा मुलगा चर्चची झाडलोट बघायचा. दर शनिवारी ती पाटी ओल्या फडक्याने पुसताना आजोबांच्या नावावरून तो दोनदा हात फिरवायचा. थोड्या वेळात तो जेवायला येणार होता. त्याआधी हा माणूस इथून उठायला हवा, दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं.

त्या म्हणाल्या, जुन्या कागदांचं काय सांगावं, लिहिणाऱ्याने घाईत काहीही खरडलं असेल. बेपत्ता म्हणून पत्र आलं, चर्चने नाव कोरलं, आपण तेव्हा सहा वर्षांच्या होतो, याहून जास्त आपल्याला काही माहीत नाही. आजवर हे इतक्यांदा सांगून झालं होतं की शब्द आपोआप एकामागून एक बाहेर पडले. मास्तर ऐकत होते, पण मान हलवत नव्हते.

"ताई," ते म्हणाले, "मी तुम्हाला पकडायला आलेलो नाही. सातवं नाव माझ्या वडिलांचं आहे."

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण आजचा त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. नवऱ्याचं नाव पाटीवर चढलं तेव्हा त्यांची आई पोटुशी होती. बाळाचे कपडे शिवून घ्यायला ती कापड घेऊन या घरी आली होती. कापड मोजणं चालू असताना माळ्यावर कुणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला होता. शिवणबाईंच्या आईने तेवढ्यात मशीन जोरजोरात चालवायला सुरुवात केली, आणि मशीनमध्ये कापडच नव्हतं. मास्तरांची आई कापड गुंडाळून निघून गेली. पुढे कितीतरी वेळा ती या फाटकापर्यंत आली. एक परत आला, मग दुसरा का नाही आला, एवढंच तिला विचारायचं होतं. दर वेळी ती मागे फिरली. मुलाला हे तिने सांगितलं ते अंथरुणाला खिळल्यावर, शेवटच्या आठवड्यात.

"तिची छाती झाली नाही," मास्तर म्हणाले. "माझीही होत नव्हती. उत्तर काय येईल याची भीती वाटते."

शिवणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते.

शिवणबाईंचे बाबा चार वर्षं माळ्यावर राहिले आणि तिथेच गेले. आई त्यांच्याशी कुजबुजत बोलायची, आणि खाली अंथरुणात जागी असलेल्या मुलीला फळ्यांमधून सगळं ऐकू यायचं. जे ऐकलं त्याचा विषय तिने आईजवळसुद्धा कधी काढला नाही. आता मास्तरांच्या वडिलांबद्दल दोन शब्द सांगितले की सुटका होती: जागीच गेले. मास्तर डोळे पुसतील, कागद गोळा करून निघून जातील, मुलगा यायच्या आत टेबल मोकळं होईल. ते शब्द अगदी ओठांवर आले होते.

"नदीकाठी त्यांचा पाय मोडला," त्या म्हणाल्या. "बाबांनी थोडं अंतर पाठीवर आणलं. मग खाली ठेवलं."

"जिवंत?"

"जिवंत," त्या म्हणाल्या.

फाटक वाजलं. मुलगा पायऱ्यांवर बूट झटकत होता. मास्तरांनी घाईघाईने कागद उलटे केले आणि काय करू असं डोळ्यांनीच विचारलं. शिवणबाईंनी जाऊन दार उघडलं, मुलाला आत घेतलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. आता थांबल्या असत्या तर पुन्हा कधी बोलल्या नसत्या. तुझे आजोबा लढाईतून घरी आले होते, त्यांनी मुलाला सांगितलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्या मास्तरांकडे वळल्या.

आपले वडील तेव्हा काही म्हणत होते का, असं मास्तरांनी विचारलं.

"हाका मारत होते. टेकडी ओलांडेपर्यंत ऐकू येत होत्या, असं बाबा म्हणायचे." त्यांनी पदराने ओठ टिपले. "आई म्हणायची, अहो, टेकडी कधीच मागे पडली. तर बाबा म्हणायचे, मग हे काय ऐकू येतंय?"

मुलाने टेबलावरचा एक उलटा कागद सुलट केला. मास्तरांनी मान किंचित कलती केली, लांबचं काही ऐकू पाहणाऱ्या माणसासारखी, आणि तशीच धरून ठेवली.