चिखलात दहापैकी नऊ

"चूक टायरची नाही, चालवणाऱ्याची आहे," मेव्हणा म्हणाला आणि त्याने सायकल-सहलींच्या कंपनीतल्या साहेबांच्या टेबलावर तीन टायर एकावर एक रचून ठेवले.

गाईडने मान वर केली नाही. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि डाव्या हातात टोपी होती. पंधरा दिवसांपूर्वी ओल्या उतारावर त्याची सायकल घसरली. मागून येणारा पाहुणा त्याच्यावर आदळला आणि समोरचे दोन दात गमावून बसला. चूक गाईडची ठरली तर त्याची नोकरी जाणार होती. डोंगरातल्या वाटांवरून सायकलस्वारांना फिरवून आणायचं, हे काम तो नऊ वर्षं करत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

मेव्हण्याला बोलवायचा हट्ट बायकोचा. "दादाचा शब्द साहेब मोडणार नाहीत. तो सांभाळून घेईल बघा," असं ती चार दिवस म्हणत होती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कंपनीने सगळे टायर तिच्या थोरल्या भावाचा लेख वाचूनच मागवले होते. कोणत्या वाटेला कोणता टायर, हे तो दर महिन्याला छापून सांगायचा. लोक त्याला टायरशास्त्री म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. लेखासोबत त्याचा फोटो असे. सायकलला टेकून उभा, नजर लांब डोंगरावर, बूट इतके स्वच्छ की थेट दिवाणखान्यात चालले असते. बहिणीने ते सगळे फोटो कापून ठेवले होते.

आता हा टायरशास्त्री सांभाळून घेत होता.

"हा पहिला, कोरड्या वाटेचा. दात बुटके, पळायला हलका. हा दुसरा, खडकाळ वाटेचा. बाजू जाड, दगडाने फाटत नाही. आणि हा तिसरा, तुमच्या सायकलींना लावलाय तो. याचे दात मोजा, साहेब. इतके दात दुसऱ्या कुठल्या टायरला नाहीत. जितके दात जास्त, तितकी पकड जास्त. साधा हिशोब आहे. चिखलात मी याला दहापैकी नऊ दिलेत."

"एक का कापलात?"

"पैकीच्या पैकी दिले की लोकांना संशय येतो."

साहेब हसले. मेव्हणाही हसला. मोठ्या माणसांना एकमेकांचे विनोद लवकर कळतात.

"दात फार दाटीने आहेत," गाईड हळूच म्हणाला. "मधे चिखल बसला की निघतच नाही. चाक गुळगुळीत होऊन जातं. चिखलाला उंच आणि विरळ दात लागतात. मी दोनदा लिहून दिलं होतं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मेव्हणा म्हणाला. "हाच टायर मी दोन महिने चिखलात पळवलाय. एकदाही घसरलो नाही. घरचा जावई असला म्हणून मी खोटं बोलणार नाही, साहेब. खरं ते खरं."

गाईडने टोपी खाली ठेवली. तिसरा टायर डाव्या हाताने ओढून मांडीवर घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा मधेच थांबला.

"दादा, याच्यावर केस आहेत."

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. साच्यातून निघताना राहिलेले. वाटेवर दोन-चार फेऱ्या झाल्या की मधले केस झिजून जातात. या टायरवर ते अगदी मधोमधही ताठ उभे होते.

मेव्हण्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. पडलो तरी नाक वर, हे अशा माणसांना शिकवावं लागत नाही.

"हाच म्हणजे या जातीचा, रे. चिखलाने बरबटलेला टायर साहेबांच्या टेबलावर आणून ठेवू? काही रीतभात असते की नाही?"

साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते पटणारच होतं. चाळीस सायकलींचे टायर चुकीचे घेतले हे कबूल करण्यापेक्षा एक गाईड चुकीचा घेतला हे कबूल करणं सोपं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

गाईडने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती भावाकडे बघत होती. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला होता आणि रुमालाने बोटं पुसत होता. एकेक बोट, निगुतीने. मेव्हणा टायरला हात लावल्यावर नेहमीच बोटं पुसायचा. तिला त्याची लाज वाटली. आपणच याला इथे आणलं, याची त्याहून जास्त वाटली.

"साहेब, एक सांगू?"

"तू मधे पडू नकोस," मेव्हणा म्हणाला. "तुला यातलं काय कळतं?"

ती उठून उभी राहिली.

"दादाला सायकल येत नाही, साहेब. लहानपणी आमच्याकडे एकच होती, ती मी चालवायचे. हा मागून धावत सूचना द्यायचा."