नावाची हाक

"काकू, झोपेत काकांचा श्वास अडला की हा मास्क तुमच्या आवाजात हाक मारेल. त्यांचं नाव घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इश्श, लग्न झाल्यापासून कधी घेतलं नाही हो!" असं म्हणत कुमुदिनीबाईंनी मास्कमध्ये नुसतं "अहो!" भरलं.

दुपारी चाचणीत मास्क ओरडला, "अहो!" दवाखान्याच्या हॉलमध्ये चाचणीसाठी झोपलेल्या सगळ्या नवऱ्यांनी दचकून श्वास घेतला. घेतला नाही तो एकट्या दिगंबररावांनी. या हाकेकडे कानाडोळा करण्यात त्यांची हयात गेली होती. ओठ निळे पडू लागले.

"दिगंबर! श्वास घे!" कुमुदिनीबाई किंचाळल्या.

दिगंबररावांनी छातीभर श्वास घेतला. सकाळपासून सारखा काढून भिरकावलेला मास्क आता त्यांनी स्वतःच नाकावर घट्ट दाबला.

"मी पुन्हा झोपतो," ते लाजत म्हणाले, "यात हीच हाक भर."