मगभर जुनं तेल

कारखान्यात प्रेस मशीनवर पातेली दाबताना पत्र्याला लावायचं नवं, महागडं वनस्पतिजन्य तेल टिकलं तर प्रेसवाल्याचा फायदा एकच: जुन्या तेलानं सोलवटलेले हात बरे होणार होते. बायको म्हणायची, “हात आहेत की किसणी?” मालकानं महिनाभराची परीक्षा लावली: पातेली फाटता कामा नयेत आणि हात सुधारले पाहिजेत. दुसऱ्याच दिवशी चार फाटली. असंच चाललं तर नवं तेल परत जाणार. प्रेसवाल्यानं गुपचूप नव्या तेलात मगभर जुनं ओतलं. पातेली लोण्यासारखी निघाली, म्हणून तो रोज ओतत राहिला. महिन्यानं कारखान्याच्या डॉक्टरांनी हात पाहिले, जखमा ओल्याच. “बघ बाबा,” मालक म्हणाला, “तेल बदललं, हात तसेच. खोट तुझ्या कातडीतच आहे. जुनंच आणतो.” मगाबद्दल बोलावं तर नोकरी जाणार. पेन धरवेना, म्हणून परीक्षेच्या अहवालावर अंगठा उठवला. मालकाचा खर्च वाचला, प्रेसवाल्याची नोकरी वाचली. कागदावर अंगठ्याची रेषा एकही उमटली नाही.