वाटण

सुरमईचा डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ होता. अंबूकाकूंनी कल्ला उचलून पाहिला, लालभडक. मासळी ताजी आहे, हे डोळ्यांना कळत होतं. वास मात्र गणपतीत आलेल्या तापापासून येईनासा झाला होता, आणि हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. वाटणाला सुनेचा हात त्यांनी कधी लागू दिला नव्हता.

लाँचमधून उतरलेल्यांनी "चांगलं जेवण कुठे?" विचारलं की सगळं बंदर काकूंच्या खानावळीकडे बोट दाखवी. आजही एक जोडपं आलं. काकू दाराआडून त्यांच्या ताटांकडे बघत राहिल्या.

बाईंनी कालवण चाखलं, हुंगलं आणि वाटी दूर सारली. "अहो, एवढं नाव ऐकून आलो आपण!"

काकू आत वळल्या. सुनेने टोपावरचं झाकण काढून वास घेतला.

"आई, खोबरं खवट होतं. कळलं नाही तुम्हाला?"

'घाईत राहिलं असेल,' हे उत्तर ओठांवर तयार होतं. काकूंनी पाट्यावरचा वरवंटा उचलून सुनेच्या हातात दिला.

"मला वास येत नाही गं. आजपासून वाटण तू करायचंस."