पुढचा ब्रेक

"बाबा, डोळे मिटायचे नाहीत हं," हेल्मेटची काच वर करून वीणाने बजावलं आणि मोटरसायकल वळवून ती कार पार्कच्या दुसऱ्या टोकाला गेली.

गुरुनाथ कानटोपी सारखी करत कुंपणापाशी उभे राहिले. रविवारची सकाळ. वीणा परदेशात ज्या नास गावात राहत होती, तिथल्या एका क्लबच्या कार पार्कात चिटपाखरू नव्हतं. पाऊस नुकताच थांबला होता, डांबर ओलंचिंब होतं. लेकीच्या मागे बसायचं नाही म्हणून ते हट्टाने बसने आले होते.

लेकीकडे महिनाभर राहून झालं होतं, परवा त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी ही गाडी विकायचं तिच्याकडून कबूल करून घ्यायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पहाटेच्या ड्यूटीला हॉस्पिटलात जायला बस नसते हे त्यांना पटत होतं. पण ती घरी येईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, हेही खरंच होतं. शेवटी तोडगा वीणानेच काढला. गाडी थांबते कशी ते एकदा बघा, मग म्हणालात विक, तर विकेन.

गाडी भरधाव आली. वीणाने पुढचा ब्रेक करकचून आवळला आणि व्हायचं तेच झालं, गुरुनाथांनी डोळे गच्च मिटले. साताऱ्यात त्यांनी जन्मभर स्कूटर चालवली ती मागच्या ब्रेकवर. ओल्या रस्त्यावर पुढचा दाबला की माणूस आडवा, हे त्यांनी लेकीलाही पढवलं होतं.

डोळे उघडले तेव्हा गाडी समोर सरळ उभी होती. घसरली नव्हती, वाकडीसुद्धा झाली नव्हती.

ही सगळी एबीएसची करामत, वीणा सांगू लागली. चाक किती वेगाने फिरतंय यावर एक सेन्सर नजर ठेवतो. चाक जाम होणार असं दिसलं की ब्रेक आपोआप जरा सैल होतो, पुन्हा आवळतो, पुन्हा सैल होतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा तरी. त्याने हातातली लिव्हर थरथरते. आपण घाबरून ती सोडायची नाही, एवढंच.

तिचा चेहरा कौतुकाने फुलला होता आणि तो बघून गुरुनाथांना जास्तच धास्ती वाटली. यंत्र आहे ना, मग कशाला काळजी, म्हणणारी माणसं त्यांनी थोडी का पाहिली होती?

"आणि खडीवर?" त्यांनी विचारलं.

"खडीवर फारसा उपयोग नाही. कधीकधी थांबायला उलट जास्तच जागा लागते."

"वळणावर?"

वीणाने हेल्मेट काढलं. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती, तर त्यांना कळलंही नसतं.

"वळणावर गाडी कललेली असते, बाबा. तिथे जोरात ब्रेक मारला, तर एबीएस असूनही घसरू शकते. महागड्या गाड्यांत त्याची सोय असते. माझ्या गाडीत नाही."

"मग तू काय करतेस?"

"वळण यायच्या आधीच वेग कमी करते. वळणात शिरल्यावर ब्रेकसाठी धावाधाव झाली, तर चूक माझी. गाडीची नाही."

वारा सुटला होता. वीणा हातमोज्याची बोटं ओढत उभी राहिली. मग जमिनीकडे बघतच तिने विचारलं, "विकू का?"

महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं गुरुनाथांना वाटत होतं, पण ते बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मागच्या सीटला बांधलेलं दुसरं हेल्मेट त्यांनी सोडवलं आणि कानटोपी खिशात कोंबली. हेल्मेटचा पट्टा काही केल्या लागेना, तेव्हा हनुवटी वर करून ते मुकाट्याने तिच्यापुढे उभे राहिले. तिने तो लावून दिला आणि स्वतःचं हेल्मेट चढवून ती गाडीवर बसली.

"घरी जायला रस्ता कुठला?" त्यांनी विचारलं.

"दोन आहेत. एक सरळ आहे. कालव्याकडचा वळणावळणांचा आहे."

"कालव्याकडून चल," म्हणत गुरुनाथांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय पलीकडे टाकला.